मोनॅकोच्या चिंचोळ्या रस्त्यावर महिंद्राची दहा वर्षं आणि आपलं दुकान



व्हिडिओत दहा मिनिटांत मावतं तेवढं मी बोलतो. जे मावत नाही ते इथे लिहितो. आजचा विषय मोटार रेसिंगचा आहे. आता तुमच्यातले काही जण म्हणणार, "सर, आमचा घरगुती मसाल्याचा धंदा, आम्ही शर्यतीच्या गाड्या बघून काय करू?" जरा थांबा. ही गोष्ट गाड्यांची कमी आणि धंद्यात टिकण्याची जास्त आहे. शिवाय ज्या कंपनीची गोष्ट आहे, तिची गाडी तुम्ही रोज बघता. एप्रिल-मे महिन्यात आपल्या भागातून आंब्याच्या पेट्या भरून वाशी मार्केटला निघणाऱ्या गाड्या आठवा. त्यात बोलेरो पिकअप किती असतात? तीच महिंद्रा. मुंबईची कंपनी, आपल्या महाराष्ट्राची.

या महिंद्राचा एक रेसिंग संघ आहे आणि तो २०१५ पासून मोनॅकोच्या रस्त्यावर शर्यती करतोय. २०१५ ते २०२५ या काळात त्यांनी तिथे एकही शर्यत जिंकली नाही. तरी मी म्हणतो, छोट्या धंदेवाल्याने जिंकणाऱ्यांपेक्षा यांचाच हिशोब आधी वाचावा. का, ते शेवटपर्यंत वाचलंत की कळेल.

आधी जागा समजून घ्या

मोनॅको हा एक चिमुकला देश आहे. क्षेत्रफळ जेमतेम दोन चौरस किलोमीटर. एका बाजूला भूमध्य समुद्र, बाकी सगळीकडून फ्रान्स. डोंगर थेट समुद्रात उतरलेला, खाली बंदर आणि मधल्या उतारावर घरं, हॉटेलं, दुकानं. या गावात १९२९ पासून मोटारींची शर्यत होते आणि त्यासाठी वेगळा ट्रॅक बांधलेला नाही. वर्षभर लोक ज्या रस्त्यावरून कामाला जातात, त्याच रस्त्याला दोन्ही बाजूंनी लोखंडी कठडे लावतात आणि तिथेच गाड्या पळवतात.

राजापूरकरांना हे चित्र डोळ्यासमोर आणायला अवघड नाही. आपलंही गाव एके काळचं मोठं बंदर. वर डोंगर, खाली नदी आणि मधे अरुंद बाजारपेठ. समोरून टेम्पो आला की दोघांपैकी एकाला गाडी मागे घ्यावीच लागते. मोनॅकोच्या शर्यतीत तर मागे घ्यायचीही सोय नाही. मोकळ्या ट्रॅकवर ड्रायव्हर चुकला तर गाडी बाजूच्या मातीत जाते, तो परत रस्त्यावर येतो. इथे चुकला की थेट कठडा. पुढच्या गाडीला ओलांडायला जागा फार थोडी. म्हणून मोनॅको म्हटलं की भलेभले ड्रायव्हर जपून असतात.

आता फॉर्म्युला ई म्हणजे काय ते दोन वाक्यांत. फॉर्म्युला वनसारखीच, पण पूर्णपणे विजेवर चालणाऱ्या गाड्यांची जागतिक स्पर्धा. अनेक शर्यती शहरातल्या रस्त्यांवर होतात. पहिली शर्यत १३ सप्टेंबर २०१४ ला बीजिंगला झाली. त्या दिवशी मैदानात दहा संघ होते आणि त्यातला एकमेव भारतीय संघ म्हणजे महिंद्रा रेसिंग. महिंद्राने २०१० साली बंगळुरूची रेवा ही इलेक्ट्रिक कार कंपनी घेतली होती, त्यामुळे विजेच्या गाड्या त्यांना अगदीच नव्या नव्हत्या. पण रस्त्यावरची छोटी गाडी विकणं वेगळं आणि शर्यत करणं वेगळं. मसाला घरात करणं आणि मसाल्याचा धंदा करणं यात जेवढा फरक आहे, तेवढा.

२०१५: पहिल्याच कोपऱ्यात खेळ संपला

पहिल्या मोसमात एक गंमत होती. सगळ्या संघांची गाडी एकच. बॅटरी तीच, मोटर तीच, टायर तेच. म्हणजे एकाच गल्लीत दहा दुकानं आणि दहाही दुकानांत एकाच होलसेलवाल्याचा माल! मग फरक कशात पडणार? माणसात, तयारीत आणि मालाचा वापर कोण कसा करतो यात.

महिंद्राचे पहिले दोन ड्रायव्हर होते चेन्नईचा करुण चंडोक आणि ब्राझीलचा ब्रुनो सेन्ना. ब्रुनो हा आयर्टन सेन्नाचा सख्खा भाचा. आयर्टन मोनॅकोची फॉर्म्युला वन शर्यत सहा वेळा जिंकलेला आहे. म्हणजे मोनॅकोत ब्रुनोचं आडनाव बघूनच लोक वळून बघणार.

९ मे २०१५. मोनॅकोत फॉर्म्युला ईची पहिली शर्यत. हिरवा दिवा लागला, गाड्या सुटल्या, आणि पहिल्याच कोपऱ्यावर गर्दी झाली. त्या कोपऱ्याचं नाव सेंट डेव्होट. पुढच्या गाडीला धडकून ब्रुनोची गाडी चक्क हवेत उडाली. तो सुखरूप बाहेर आला, पण त्याची शर्यत तिथेच संपली. महिनोन्महिने तयारी आणि रस्त्यावर एक मिनिटही नाही. त्या मोसमाच्या शेवटी दहा संघांत महिंद्राचा नंबर आठवा होता.

इथे आपल्यासाठी काय आहे? नाव, ओळख, घराणं या गोष्टी तुम्हाला रांगेत उभं करतात, एवढंच. "आमच्या आजोबांचं दुकान होतं", "गावात आम्हाला सगळे ओळखतात" हे भांडवल आहेच, नाही म्हणत नाही. ते पहिल्या दिवशी गिऱ्हाईक आणतं. दुसऱ्यांदा तेच गिऱ्हाईक आणायचं काम मालाला आणि वागणुकीला करावं लागतं. आणि दुसरं म्हणजे, सुरुवातीच्या गर्दीत सगळ्यांच्या आधी घुसायची घाई करू नका. गावात एकाने मोमोचा गाडा लावला की महिन्यात चार गाडे लागतात. पहिल्या कोपऱ्यावर सगळे एकत्र वळतात, तिथेच जास्त गाड्या मोडतात.

आठवा, पाचवा, तिसरा

महिंद्राने पुढे काय केलं ते बघा. मोठी घोषणा वगैरे नाही. दुसऱ्या मोसमासाठी निक हाइडफेल्ड हा अनुभवी जर्मन ड्रायव्हर घेतला. फॉर्म्युला वनमध्ये बरीच वर्षं काढलेला, डोकं शांत ठेवणारा माणूस. ऑक्टोबर २०१५ मध्ये बीजिंगला तो तिसरा आला. महिंद्राला मिळालेलं ते पहिलं पदक. त्या मोसमाअखेर संघ पाचवा.

तिसऱ्या मोसमात त्याच्या जोडीला फेलिक्स रोझेनक्विस्ट हा स्वीडनचा तरुण ड्रायव्हर आणला. एक अनुभवी, एक वेगवान. १३ मे २०१७ ला मोनॅकोत हाइडफेल्ड तिसरा आला. दोन वर्षांपूर्वी ज्या रस्त्यावर एक गाडी पहिल्याच कोपऱ्यात गेली होती, तिथेच आता महिंद्राचा माणूस पोडियमवर उभा होता. नंतर चार आठवड्यांनी, १० जून २०१७ ला रोझेनक्विस्टने बर्लिनला महिंद्रासाठी पहिली शर्यत जिंकली. मोसमाअखेर संघाचा नंबर तिसरा.

आठवा, पाचवा, तिसरा. तीन वर्षं. इथपर्यंतची गोष्ट सगळ्यांना सांगायला आवडते, कारण ती सरळ वर जाते. तुम्हाला कोर्समध्ये, रीलमध्ये नेहमी एवढीच गोष्ट ऐकवतात. पुढची कोणी सांगत नाही. मी सांगतो.

बर्लिनलाच दुसऱ्या दिवशी, ११ जूनला, पुन्हा शर्यत होती. रोझेनक्विस्टच सगळ्यात आधी रेषेवर आला. पण त्या काळात एका बॅटरीवर शर्यत पुरी होत नसे, म्हणून ड्रायव्हरला अर्ध्यात पिटमध्ये येऊन दुसऱ्या गाडीत बसावं लागायचं. त्या गडबडीत संघाने त्याची गाडी धोकादायक वेळी बाहेर सोडली, म्हणून दहा सेकंदांचा दंड झाला आणि पहिला आलेला माणूस दुसरा झाला. रस्त्यावर ड्रायव्हर जिंकला, पिटमध्ये संघ हरला.

हे आपल्याकडे रोज होतं. काउंटरवर तुम्ही गोड बोलून ऑर्डर घेता आणि पॅकिंग करणारा पोरगा पत्ता चुकीचा टाकतो. विक्री चांगली, पण बिलिंग, डिलिव्हरी, परत आलेला माल यात गळती. गिऱ्हाईकाला दिसत नाही त्या जागेची पद्धत कागदावर लिहून ठेवा. कोणी काय करायचं, कशानंतर काय करायचं. भिंतीवर चिकटवलेला एक कागद दहा सेकंदांचा दंड वाचवतो.

अठ्ठावीस युनिटांचा खेळ

आता मुख्य मुद्दा. यासाठी आपल्याला मोनॅकोतून थोडं बाहेर जावं लागेल, लगेच परत येऊ.

सुरुवातीच्या चार मोसमांत या गाड्यांना एका बॅटरीत २८ किलोवॅट-तास एवढी वीज वापरायला मिळायची. किलोवॅट-तास म्हणजे महावितरणच्या बिलातलं युनिट. २८ युनिट! महिन्याला सव्वाशेच्या आसपास युनिट जाळणाऱ्या साध्या घराला आठवडाभर पुरेल एवढी वीज, आणि शर्यतीची गाडी ती अर्ध्या शर्यतीत संपवायची. २०१८-१९ पासून नवीन गाडी आली. तिच्यात ५४ युनिट. मधली गाडी बदलणं बंद, पण ५४ युनिटांत पूर्ण शर्यत काढायची. म्हणजे प्रश्न तोच राहिला: हातात मोजकं आहे आणि शेवटच्या रेषेपर्यंत पुरवायचं आहे. कोण सगळ्यात जोरात पळतो याला त्यामुळे फारसा अर्थ उरत नाही. ज्याची वीज बरोबर शेवटच्या रेषेवर संपते, तो जिंकतो.

१६ फेब्रुवारी २०१९, मेक्सिको सिटी. महिंद्राचा पास्कल वेरलाइन पहिल्या नंबरावर होता. शेवटची फेरी आली, शेवटचा कोपरा गेला, रेषा समोर दिसतेय आणि गाडीतली वीज संपली. लुकास दी ग्रासी बाजूने आला आणि रेषेच्या अगदी तोंडावर पुढे गेला. वर वेरलाइनने आधी एका ठिकाणी कोपरा कापला होता म्हणून पाच सेकंदांचा दंड, त्यामुळे अधिकृत निकालात तो सहावा. जवळपास पूर्ण शर्यत पुढे राहिलेला माणूस सहावा!

त्याच वर्षी मे महिन्यात मोनॅकोत हाच वेरलाइन चौथा आला.

आणि मोनॅकोत वीज कशी निकाल लावते ते बघायचं असेल तर ८ मे २०२१ ची शर्यत शोधून बघा. तोपर्यंत मोनॅकोत फॉर्म्युला ईसाठी आखूड मार्ग असायचा, पावणेदोन किलोमीटरच्या आसपास. त्या वर्षीपासून डोंगरावर चढून बोगद्यातून बाहेर पडणारा जवळजवळ पूर्ण मार्ग मिळाला, साधारण ३.३ किलोमीटरचा. शेवटच्या फेरीत मिच इव्हान्स पुढे होता, पण त्याच्याकडे वीज कमी उरली होती. अँटोनियो फेलिक्स दा कोस्टाने बोगद्यातून बाहेर आल्यावर त्याला गाठलं आणि पुढे गेला. रेषेवर पोहोचता पोहोचता रॉबिन फ्राइन्सनेही इव्हान्सला मागे टाकलं. शेवटच्या फेरीत पहिला असलेला तिसरा झाला. मोनॅकोत ओलांडायला जागा नाही म्हणतात ना? समोरच्याकडे वीज नसेल तर जागा आपोआप होते.

आता आपल्याकडे या. गणपतीचे दिवस. चाकरमानी येणार, बाजार भरणार. समजा तुमच्याकडे खेळतं भांडवल १ लाख आहे. तुम्ही ९५ हजारांचा माल भरला: माळा, मखराचं सामान, लायटिंग. विक्री जोरात झाली, ७० हजारांचा माल गेला. पण त्यातला निम्मा उधारीवर गेला, "दिवाळीला देतो" म्हणून. विसर्जन झालं, चाकरमानी परतले. हातात रोख किती? आणि दीड महिन्यावर दिवाळी. कोल्हापूरचा होलसेलवाला म्हणतो, आधीचं क्लिअर करा, मग नवीन माल. तुम्ही पुढे होतात. रेषा दिसत होती. वीज संपली.

नफा वेगळा आणि गल्ल्यातली रोख वेगळी. वहीत नफा असतानाही दुकान बंद पडू शकतं. माझ्या प्रत्येक बॅचला पहिल्या दिवशी मी हेच वाक्य लिहून घेतो.

ब्रेक लावतानाही कमाई

या गाड्यांची एक गोष्ट मला फार आवडते. ब्रेक लावला की साध्या गाडीत ती शक्ती उष्णता होऊन वाया जाते. विजेच्या गाडीत तीच मोटर उलट काम करते, वीज तयार करते आणि परत बॅटरीत भरते. २०२३ पासूनच्या गाड्यांमध्ये शर्यतीत वापरलेल्या विजेपैकी ४० टक्क्यांहून जास्त वीज अशी ब्रेकमधून परत मिळते. मोनॅकोसारख्या वळणावळणाच्या रस्त्यावर ब्रेक पदोपदी लावावा लागतो. म्हणजे जिथे रस्ता अडवतो, तिथेच बॅटरी भरते.

आपला ब्रेक म्हणजे पावसाळा. जून-जुलैत बाजार मंद. अर्जुना आणि कोदवली नदीला पूर आला की बाजारपेठेत पाणी, मग दोन-चार दिवस धंदाच नाही. हा काळ आपण "काय करणार, सीझनच नाही" म्हणत मोबाइलवर घालवतो. त्याऐवजी या तीन गोष्टी परत भरून घ्या:

१. उधारी. यादी काढा. कोणाकडे किती, किती महिन्यांपासून. सगळ्यात जुनी नाही, सगळ्यात सोपी आधी वसूल करा. पाचशे-पाचशे रुपये दहा जणांकडून आले तरी पाच हजार. भात लावणीच्या दिवसांत शेतकऱ्याच्या मागे लागू नका, नोकरदाराकडे एक ते दहा तारखेच्या आत जा.

२. अडकलेला माल. सहा महिने न हललेली वस्तू म्हणजे फळीवर ठेवलेली नोट, जी कुजतेय. खरेदीच्या भावात काढा, गरज पडली तर थोडा तोटा सोसून काढा. रोख आली की तीच चालणाऱ्या मालात फिरते.

३. वाढीव खर्च. न वापरलेलं गोडाऊन, न लागणारा फ्रीज, बंद न केलेली मासिक वर्गणी.

२०२५ पासून फॉर्म्युला ईच्या काही शर्यतींत आणखी एक प्रकार आला, पिट बूस्ट. शर्यतीच्या मध्येच गाडी थांबवायची, ३० सेकंद वेगाने चार्ज करायची, १० टक्के वीज जादा मिळते. थांबावं तर लागणारच. कधी थांबायचं हे संघ ठरवतो आणि तिथेच हुशारी लागते. आपणही स्टॉक मोजायला एक दिवस दुकान बंद ठेवायला घाबरतो. ठेवा. फक्त तो दिवस गणपतीच्या आठवड्यात नको, जुलैत असू दे.

जेव्हा घरच्या अंगणात लाज राखायची असते

बर्लिननंतर महिंद्राने हाँगकाँगला, माराकेशला शर्यती जिंकल्या. २५ जुलै २०२१ ला लंडनला अॅलेक्स लिन जिंकला. तो त्यांचा पाचवा विजय. त्यानंतर मात्र दुष्काळ. २०२५ चा मोसम संपेपर्यंत सहावा विजय आला नाही.

११ फेब्रुवारी २०२३ ला फॉर्म्युला ई पहिल्यांदा भारतात आली. हैदराबादला, हुसेन सागराच्या काठी. महिंद्रासाठी घरची शर्यत. तिथे ऑलिव्हर रोलंड सहावा आला. बरं झालं. आणि दोनच आठवड्यांनी, दक्षिण आफ्रिकेत केप टाउनला, सरावात त्यांच्या गाडीच्या मागच्या सस्पेन्शनमध्ये दोष दिसला. तिथलाही मार्ग शहरातल्या रस्त्यांचा, वेगवान, बाजूला भिंती. महिंद्राने शर्यतीतून दोन्ही गाड्या काढून घेतल्या. त्यांचं तंत्रज्ञान विकत घेणाऱ्या दुसऱ्या संघानेही माघार घेतली. विचार करा. जगभर प्रक्षेपण, प्रायोजक बसलेत, आणि तुम्ही सांगता, आमच्या मालात दोष आहे, आम्ही उतरत नाही.

हा निर्णय मला त्यांच्या सगळ्या विजयांपेक्षा मोठा वाटतो. लोणच्याच्या एका बॅचला वास येतोय असं वाटलं, तर तीस बरण्या गेल्या म्हणून रडायचं की तीस घरांत पाठवून नाव घालवायचं? बरण्या काढून घ्या. गिऱ्हाईकाला स्वतः फोन करा. त्या महिन्याचा नफा जाईल, गिऱ्हाईक राहील. एक दिवस थांबणं वेगळं, दुकान बंद करणं वेगळं.

याच काळात आजूबाजूला काय चाललं होतं? ऑडी आणि बीएमडब्ल्यू २०२१ च्या मोसमानंतर फॉर्म्युला ईमधून बाहेर पडल्या. मर्सिडीजने २०२१ आणि २०२२ अशी लागोपाठ दोन वर्षं सांघिक विजेतेपदं घेतली आणि तीही निघून गेली. त्यांनी चूक केली असं मी म्हणत नाही. जो ठरवून येतो, हवं ते मिळवून ठरवून जातो, त्याचा हिशोब साफ असतो. पण रस्त्यावर जागा रिकामी झाली आणि ती महिंद्रासारख्या थांबलेल्यांना मिळाली.

२०२५: दुसरा नंबर आणि समोर आपलाच जुना माणूस

आता मोनॅकोत परत. २०२४ च्या मोसमासाठी महिंद्राने दोन ड्रायव्हर घेतले. त्यातला एक नेदरलँड्सचा निक डी व्हरीस. हा २०२१ चा फॉर्म्युला ई विश्वविजेता. मग तो फॉर्म्युला वनमध्ये गेला आणि २०२३ मध्ये अर्ध्या मोसमातच, दहा शर्यतींनंतर, त्याला संघातून काढलं. गावच्या भाषेत, "ह्याचं संपलं." महिंद्राने त्याला आणला.

३ मे २०२५, मोनॅको. डी व्हरीस दुसरा आला. महिंद्राचा मोनॅकोतला आजवरचा, म्हणजे त्या दहा वर्षांतला, सगळ्यात वरचा नंबर. ब्रुनो सेन्नाच्या गाडीला पहिल्याच कोपऱ्यात अपघात झाला, त्याला सहा दिवस कमी दहा वर्षं झाली होती. मोसमाअखेर संघ चौथा.

आणि त्या दिवशी मोनॅकोत पहिला कोण आला? ऑलिव्हर रोलंड. हैदराबादला महिंद्राची गाडी चालवणारा तोच. त्याने २०२३ चा मोसम अर्ध्यात सोडला होता, पुढे निसानकडे गेला आणि २०२५ चा विश्वविजेताही तोच झाला. सोडून गेलेला कारागीर समोरच्या गाळ्यात दुकान थाटतो आणि जोरात चालतो, तेव्हा कसं वाटतं ते ज्यांनी अनुभवलंय त्यांना सांगायला नको. त्यावर उपाय एकच दिसतो. जाणाऱ्याच्या मागे जळण्यात वेळ घालवू नका, दुसऱ्याने नाकारलेला चांगला माणूस शोधा. नोकरी गेलेला, गावी परत आलेला, बारा वर्षं मुंबईत एखाद्या दुकानाच्या काउंटरवर उभा राहिलेला माणूस आपल्या तालुक्यात आहे. त्याला विचारा.

"त्यांच्याकडे पैसा आहे हो!"

ही कमेंट येणारच, म्हणून आधीच लिहितो. बरोबर आहे. महिंद्रा मोठी कंपनी आहे. २०२२-२३ पासून स्पर्धेत खर्चावर मर्यादा आली, संघाला मोसमाला १ कोटी ३० लाख युरो, म्हणजे समोरचा श्रीमंत असला तरी वाटेल तेवढा पैसा ओतू शकत नव्हता. तरीही दहा वर्षं थांबणं महिंद्राला परवडतं. तुम्हाला-मला नाही. म्हणून "टिकून राहा, यश मिळेल" असं मी तुम्हाला कधी सांगणार नाही. टिकायला किती इंधन आहे ते आधी मोजा.

कसं मोजायचं? वही काढा.

समजा दुकानाचं भाडं ६,०००, लाइट १,५००, मदतनीस ९,०००, कर्जाचा हप्ता ५,५००. महिन्याचा ठरलेला खर्च २२,०००. विक्रीतून मालाची किंमत वजा जाता तुमच्या हातात राहतात १४,०००. म्हणजे दर महिन्याला खड्डा ८,००० चा. धंद्यासाठी बाजूला ठेवलेली रोख १,१०,०००. भागा ८,००० ने. उत्तर तेरा महिने आणि वर थोडे दिवस. ही तुमची बॅटरी. घरखर्च यात धरलेला नाही, तो वेगळा मोजा.

आता पुढचा प्रश्न. या तेरा महिन्यांत दर महिन्याचा खड्डा कमी होतोय का? ८,००० चा ६,००० झाला, ४,००० झाला, तर थांबा, तुम्ही आठव्यावरून पाचव्याकडे चाललात. सहा महिने ८,००० चाच आहे, तर काहीतरी बदला: माल, जागा, माणूस, वेळ. वाढतोय, तर बॅटरी अर्धी असतानाच निर्णय घ्या. बायकोचे दागिने गहाण टाकून तेराव्या महिन्यानंतरचा चौदावा महिना विकत घेऊ नका. वेळेत बंद केलेलं दुकान पुन्हा उघडता येतं. कर्जात बुडालेल्या माणसाला पुन्हा उठायला फार वर्षं लागतात.

या आठवड्याचा गृहपाठ

तीनच प्रश्न. उत्तरं मनात नको, वहीत.

१. आज धंदा आहे तसाच चालला तर माझी रोख किती महिने पुरेल?

२. येत्या मंद काळात मी कुठून किती रुपये परत मिळवू शकतो? उधारी आणि अडकलेला माल, दोन्हींचा आकडा लिहा.

३. माझ्या दुकानात गिऱ्हाईकाला न दिसणारी अशी कोणती जागा आहे, जिथे मला दर महिन्याला दंड बसतो?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर चारपेक्षा कमी आलं तर नवीन माल भरू नका. आधी दुसऱ्या प्रश्नावर कामाला लागा आणि तुमचे आकडे घेऊन शनिवारच्या लाइव्हला या. नाव सांगू नका, गाव सांगू नका, फक्त आकडे सांगा. आपण ते सगळ्यांसमोर मांडून बघू, कुठे वीज गळतेय.

भेटूया शनिवारी!